सत्काराच्या खुर्चीत शेख सर

खरा शिक्षक शेवटच्या श्वासापर्यंत शिकवतो, असं सत्कार समारंभांत हमखास म्हणतात. आमचे जीवशास्त्राचे शेख सर दुपारी साडेबारापर्यंत शिकवत. जेवणानंतर तेही पेंगत.

सकाळी मात्र वर्गात कुणी डुलकी काढली की सर त्याला दाराबाहेर उभं करत. "मोडकी तंतुकणिका! पेशीची ताकद हिच्यातनं येती. बिघडलेली आत ठिवली तर बाकीच्यास्नी बी नासवती."

निवृत्तीनंतर सरांची फुप्फुसं निकामी झाली. भिगवणच्या घरात ते ऑक्सिजनच्या यंत्राला जोडलेले असत. नळी उंबऱ्यापर्यंत पुरायची. बाहेर जायचं तर एकच छोटा सिलिंडर होता, अडीच तासांचा. बारामतीत माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला, तेव्हा मी हिशेब मांडला: जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, मध्ये एक तास. संयोजक म्हणाले, "सुटसुटीत कार्यक्रम आहे."

मंचावर पंधरा खुर्च्या होत्या. मधोमध सर, गळ्यात हार, नाकात नळी. मागे सिलिंडर धरून मी. मुख्य पाहुणे डाळजपर्यंत आल्याचा फोन आला. अर्ध्या तासाने पुन्हा आला. पाहुणे अजून डाळजलाच होते. तोवर मंचावरचा एकेक जण बोलत होता.

सिलिंडरचा काटा बघून मी कुजबुजलो, "सर, निघायला हवं."

"कसं निघू मर्दा? सत्कारमूर्तीच पळाली म्हणतील." मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "हवा कमी पडली की पेशी काय करती?"

"खर्च कमी करते, सर."

"आन्?"

"बिघडलेल्या तंतुकणिका मोडीत काढते. कमी हवेत त्याच जास्त घातक कचरा सोडतात. नीट चालणाऱ्या तेवढ्या ठेवते."

सरांनी दोन्ही बाजूंची रांग न्याहाळली. "पेशी शहाणी हाय. हितं बघ, समदी ठिवल्यात. आन् वर माईक दिलाय."

काट्यावर जेमतेम पाऊण तास उरला, तेव्हा सरांनी हार काढून खुर्चीवर ठेवला, वक्त्याला नमस्कार केला आणि माझा दंड धरून मागच्या पायऱ्या उतरले. निवेदकाने माईकवरून सांगितलं, "सर भारावून गेले आहेत."

भिगवणच्या अलीकडे सिलिंडर संपला. मी घाबरून काहीबाही बोलू लागलो. "गप," सर डोळे मिटून म्हणाले, "खर्च कमी करतोय." उंबऱ्यावर नळी लावली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

सर त्यानंतर तीन महिने जगले. मुख्य पाहुणे त्या दिवशी आलेच नाहीत.