बारावं प्रकरण वर चढेना

बसस्थानकावर घोषणा करण्यात ज्यांची अख्खी नोकरी सरली, त्यांना शहरात नावाने कोण ओळखणार? सगळे त्यांना फलाटताई म्हणत. आवाज असा, की "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं ऐकलं तरी माणसं हातातली पिशवी घट्ट धरून उभी राहत. घरात त्या नवऱ्याला जेवायला हाक मारत, तेव्हा शेजारचेही पानावर बसत, असं शेजारीणच हसून सांगायची.

निवृत्त झाल्यावर पहिले काही दिवस बरे गेले. मग आवाजाला काम उरलं नाही आणि फलाटताई घरात कावऱ्याबावऱ्या फिरू लागल्या. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, अशांसाठी शहरात एक श्राव्य ग्रंथालय होतं. तिथल्या ग्रंथपालबाईंना वाचणारी माणसं हवी होती. ताईंनी नमुन्याचं एक पान वाचून पाठवलं आणि उलट टपाली एक जाडजूड रहस्यकथा त्यांच्या हातात पडली. खून पहिल्याच पानावर, खुनी शेवटच्या पानावर, आणि मधे एक कडक इन्स्पेक्टर.

वाचायची जागा त्यांनीच शोधून काढली. झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं मोठं कपाट. दोन्ही दारं उघडायची, आत स्टूल टाकायचं, माइक बुटांच्या खोक्यावर ठेवायचा आणि डोक्यावरून एक ब्लँकेट. कोटांमध्ये आवाज घुमत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकदा कपाट आवरताना स्वतःशीच बडबडत होत्या, तेव्हा कळलं.

वाचनाचा त्रास कधीच नव्हता. त्रास होता तो वाचलेलं पाठवण्याचा.

परगावी राहणाऱ्या लेकीने त्यांना फायली पाठवायचं एक ॲप लावून दिलं होतं. निळ्या ढगाचं चित्र असलेलं. "आई, इथे टाकलंस की ढगात जातं आणि त्यांना तिकडे मिळतं. सोपं आहे." सोपं! फाइल ढगात चढायची म्हणजे दम लागलेल्या माणसाने जिना चढावा तशी. थोडी चढली की थांबे, पुन्हा थोडी चढे, आणि अगदी शेवटच्या पायरीवर आली की "काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा." काय चुकले, कुणाचे चुकले, याचा पत्ता नाही. मधेच ते ॲप पासवर्ड मागे. पासवर्ड दिला की मोबाइलवर आकडे पाठवे, आणि ते वाचून टाकेपर्यंत म्हणे, वेळ संपली. ताईंचा जीव मेटाकुटीला आला.

"पूर्वी एवढ्या वेळात गाडी राजधानीला जाऊन परत यायची," त्या म्हणायच्या.

शेवटी त्यांनी इंटरनेटच्या कंपनीतून माणूस बोलावला. तो तरुण दारातच मोबाइल बघून खूश झाला. "स्पीड तर झकास आहे, काकू!"

"मग माझं प्रकरण का जात नाही?"

"ते काय आहे, हा स्पीड येण्याचा. जाण्याचा वेगळा असतो. तो तुमच्या प्लॅनमध्ये जरा कमीच आहे."

"म्हणजे घरात पाणी धो धो येतंय आणि मोरी तुंबलेली?"

"अगदी तसंच," तो मनापासून म्हणाला. मग त्याने घरभर फिरून पाहिलं. राउटर टीव्हीच्या मागे, ताई कपाटात, मधे दोन भिंती आणि एक फ्रिज. "आणि तुम्ही नेमक्या अशा जागी बसता, जिथे कुठलीच लहर पोचत नाही."

"म्हणून तर तिथे बसते," ताई म्हणाल्या.

तो वायर आणतो, म्हणाला आणि गेला तो गेलाच.

इकडे बाराव्या प्रकरणाने तर कहर केला. प्रकरण मोठं, कारण याच प्रकरणात इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून एकेकाची उलटतपासणी घेतो. म्हणजे फाइलही तेवढीच वजनदार. सकाळी लावली की दुपारी शेवटच्या पायरीवरून खाली. ग्रंथपालबाईंचे निरोप यायला लागले. "बारावे प्रकरण अद्याप अप्राप्त. श्रोते विचारणा करीत आहेत." इतकंच. खाली नमस्कार नाही, काही नाही.

आणि त्याच सुमारास स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला.

ताईंचे यजमान सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. प्लंबर बोलवा म्हटलं तर त्यांना अपमान वाटला. "अगं, नळ म्हणजे काय? साधा नकाशाच आहे. पाणी कुठून येतं, कुठे जातं, बस." असं म्हणून ते पाना घेऊन ओट्याखाली शिरले. त्यानंतर नळ गळायचा थांबला, पण शिट्टी वाजवायला लागला. मग शिट्टी थांबली आणि भिंतीतून ठकठक यायला लागली. आणि हे सगळं नेमकं ताई कपाटात बसून "खोलीत स्मशानशांतता पसरली" असलं काही वाचत असताना.

"अहो! स्मशानशांतता चाललीय इथे! ठोकणं बंद करा!"

"दोन मिनिटं! वॉशर बसतोच आहे!"

"तो सोमवारपासून बसतोच आहे!"

असे सगळे तुकडे ताई नंतर कापून काढत. लेकीने बजावून ठेवलं होतं, की कापलेलं लगेच पुसू नकोस, चुकून चांगलं वाक्य गेलं तर परत लावता येईल. म्हणून त्यांनी "चुका" नावाचा एक वेगळा फोल्डर केला होता. त्यात काय नव्हतं? शिंका होत्या. जीभ अडखळून "खंजीर"चा "अंजीर" झाला, तेव्हाचं हसणं होतं. वॉशरवरची भांडणं होती, आणि भांडण मिटल्यावर दोघांनी कपाटाच्या दारात बसून प्यायलेला चहाही होता, कारण माइक बंद करायचं राहून गेलं होतं.

एका सकाळी बारावं प्रकरण पुन्हा घसरलं, वर ग्रंथपालबाईंचा आणखी एक निरोप आला, आणि ताईंचं डोकं फिरलं. मिळेल ते बटण दाबत त्यांनी एक एक फाइल पाठवण्याऐवजी सगळं गाठोडंच शेअर केलं आणि ग्रंथालयाला कळवलं, "लिंक पाठवली आहे. चढेल तेव्हा चढेल. तोवर धीर धरावा." आणि त्या बाजारात निघून गेल्या.

आता गंमत अशी, की ढगाला जड फाइल पेलत नव्हती, पण हलक्या फायली त्याने भराभर वर नेल्या. तिकडे ग्रंथपालबाईंनी, श्रोत्यांनी भंडावून सोडल्यामुळे, ती लिंक जशीच्या तशी सगळ्यांना पाठवून दिली. बारावं प्रकरण जिन्यातच अडकलेलं, आणि "चुका" मात्र घरोघरी पोचल्या.

ताईंना याचा गंधही नव्हता. त्या खुशीत होत्या, कारण निरोप यायचे थांबले होते. मग एका दुपारी फोन वाजला. ग्रंथपालबाई स्वतः. आजवर त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"ताई, एक विचारायचं होतं."

"बारावं प्रकरण ना? आज नक्की—"

"ते नाही. नळाचं काय झालं?"

"कुठला नळ?"

"शिट्टीवाला. म्हणजे आता ठकठकवाला. आमच्याकडे दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात, काकांना जमणार. निम्मे म्हणतात, प्लंबर येणार."

ताईंच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी घाईघाईने कॉम्प्युटर उघडला आणि फोल्डरवर "सर्वांसाठी खुले" अशी पाटी पाहून मटकन स्टुलावर बसल्या. मग एकदम त्यांना आठवलं. चुकांमध्ये एक तुकडा होता. त्यात त्या नवऱ्याला सांगत होत्या, "या बाईंचा निरोप म्हणजे कोर्टाचं समन्स. लहानपणी हिला कुणी हसायला शिकवलं नसावं."

"बाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुम्ही... सगळं ऐकलंत?"

"समन्स ऐकलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

फलाटताईंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आणि पलीकडून आधी खुसखुस, मग खदखदून हसण्याचा आवाज आला. थांबता थांबेना. "ताई, मी ते चार वेळा ऐकलं," ग्रंथपालबाई धापा टाकत म्हणाल्या. "घरी ऐकवलं. आमचे हे म्हणाले, शेवटी कुणीतरी खरं बोललं!"

तरीही ताईंनी फोन ठेवल्या ठेवल्या लेकीला गाठलं आणि तिच्याकडून एक एक बटण विचारत फोल्डर बंद केला. लेक मदत कमी आणि हसणं जास्त करत होती. "आई, मी पण ऐकलंय ते. बाबांचं 'वॉशर बसतोच आहे' मी मोबाइलची रिंग म्हणून लावलंय."

फोल्डर बंद झाला आणि तक्रारी सुरू झाल्या. श्रोते ग्रंथालयाला फोन करून विचारू लागले, आमचा नळ कुठे गेला? शेवटी ग्रंथपालबाईंनी निरोप धाडला. या वेळी खाली नमस्कारही होता आणि हसरा चेहराही. "श्रोत्यांचा मेळावा आहे. आपण यावे. बारावे प्रकरण हाताने आणावे, म्हणजे जिना चढावा लागणार नाही."

ताईंनी प्रकरण पेन ड्राइव्हमध्ये भरलं, पर्समध्ये टाकलं आणि नवऱ्याला बरोबर घेतलं. "मी बाहेर बाकावर बसतो," ते वाटेत म्हणत होते. "तुझे चाहते. माझं तिथे काय काम?"

ग्रंथालयाची खोली साधीच होती. खिडक्यांना जाड पडदे, भिंतीशी कपाटं, मधे गोलाकार खुर्च्या. मालिश करणारा एक धिप्पाड गृहस्थ, एक म्हाताऱ्या गायिका, टेलिफोनवर काम करणारी एक मुलगी, असे बरेच जण बसले होते. ताई आत आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "नमस्कार, लक्ष द्या." सगळी खोली एकदम ताठ बसली. मग हशा पिकला.

ग्रंथपालबाईंनी पेन ड्राइव्ह हातात घेऊन जाहीर केलं, "बारावं प्रकरण आलं आहे!"

"ते ठेवा बाजूला," मालिशवाले म्हणाले. "खुनी कुठे पळून जात नाही. आधी सांगा, नळ दुरुस्त झाला की नाही?"

ताई उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात दारातून दुखावलेला आवाज आला. "झाला की! वॉशर उलटा बसला होता, एवढंच."

टेलिफोनवाली मुलगी किंचाळली, "काका! काकांचा आवाज!" आणि अशा टाळ्या पडल्या, की बाहेर बाकावर बसायला निघालेला तो माणूस जागच्या जागी लाजून लाल झाला. त्यांना ओढून आत आणलं, खुर्ची दिली. नळाची सगळी कहाणी त्यांनी सांगितली, नकाशासकट. ओट्याखाली कुठे वळण आहे, कुठे जोड आहे, ते हवेत बोटं फिरवत सांगू लागले. मग भान आलं, तशी त्यांनी गायिकाबाईंचा हात हलकेच हातात घेतला आणि त्यांच्याच तळव्यावर पाइप काढून दाखवला. लगेच इतरांनीही हात पुढे केले. नकाशांत आयुष्य गेलं, पण आपला नकाशा बघायला रांग लागलेली त्यांनी पहिल्यांदाच अनुभवली.

फलाटताई बाजूला बसून बघत होत्या. बसस्थानकावर त्यांचा आवाज हजारो माणसांनी ऐकला होता, पण ऐकून लोक निघून जायचे. ते कामच तसं होतं. इथे माणसं आवाज ऐकून खुर्च्या जवळ ओढत होती. त्यांचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसलं नाही, पण गायिकाबाई पटकन म्हणाल्या, "ताई, नाक ओढलंत. चुकांच्या फोल्डरमध्ये टाका."

निघताना मालिशवाल्यांनी एक मागणी केली. त्या इन्स्पेक्टरचा आवाज ताईंच्या तोंडी शोभत नाही. तो काकांनी वाचावा. ग्रंथपालबाईंनी लगेच मान्य केलं. काकांनी आधी आढेवेढे घेतले. "मला कुठे येतं?" पण दाराबाहेर पडेपर्यंत त्यांनी छाती पुढे काढलेली ताईंनी पाहिली.

पुढच्या आठवड्यात नेटवाला तरुण खरंच वायर घेऊन आला. यजमानांनी त्याला वाटेचा नकाशा काढून दिला आणि वायर दारामागून, फ्रिजखालून थेट कपाटात गेली. फायली आता थोड्या बऱ्या चढतात. अजूनही कधी कधी शेवटच्या पायरीवर बसून राहतात. तेव्हा ताई पर्स उचलतात आणि प्रकरण घेऊन स्वतःच निघतात. ग्रंथपालबाई चहा टाकून ठेवतात. खरं सांगायचं तर हल्ली फाइल चढवून न बघताच ताई निघाल्या आहेत, असंही झालंय.

आणि इन्स्पेक्टर? त्यांनी भूमिका फारच मनावर घेतली. परवा ते न्हाव्याकडे दाढीला बसले होते आणि ताई बाहेर भाजीवालीकडे भाजी निवडत होत्या. आतून एकदम गर्जना झाली, "कुणीही जागचं हलायचं नाही!" न्हावी वस्तरा हवेत धरून थिजला. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने साबणाने माखलेल्या तोंडानिशी दोन्ही हात वर केले. रस्त्यावरचे दोघेजणही थांबले.

"सराव करतोय हो," आतून नम्र आवाज आला. "जरा जास्त झालं का?"

ताई भाजीच्या टोपलीला धरून इतक्या हसल्या, की भाजीवालीने त्यांना बसायला रिकामी पाटी पालथी घालून पुढे सरकवली.