पान एक्केचाळीस

शेवंताबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तीन वर्षं झाली. दुपारी आडवा होतो, डोळे जड होतात, की तेच पत्र आठवतं.

त्या धडगावकडे रुग्णवाहिकेवरच्या मुलांना शिकवायच्या. त्या मुलांचं प्रथमोपचाराचं पुस्तक मी मराठीत आणलेलं. त्यांनी लिहिलं होतं: बाजारात एक माणूस कोसळला. आमचे चौघे पोचले. पान एक्केचाळीस चौघांना पाठ. 'छातीवर दाब देण्यात यावा.' कोणी द्यायचा ते त्यात नाही. चौघे एकमेकांकडे बघत राहिले आणि माणूस गेला. वाक्य बदला.

मायना काय लिहावा, यावरच मी अडलो. मग गेल्या वर्षी शेवंताबाई काविळीने गेल्या. आता नव्या आवृत्तीची तपासायला आलेली मुद्रितं उशाशी आहेत आणि वाक्य तसंच आहे. व्याकरणात ते शुद्ध आहे.

मी वाचनालयात आहे. दोन कपाटांच्या मधे एक माणूस उताणा पडलाय. कपाटं कांद्याच्या पोत्यांची होतात, वर ऊन येतं. गणवेशातले चौघे माझं पुस्तक उघडून एका सुरात वाचतायत. शेवंताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत, माझ्याकडे बघत.

"आलात? पत्रापेक्षा लवकर आलात."

मी म्हणतो, कुणीतरी दाबा ना त्याची छाती.

"कुणीतरी कोण? नाव घ्या, सर. नाव घेतल्याशिवाय माणूस हलत नाही."

"मला यांची नावं माहीत नाहीत."

"विचारलीत कधी? त्यांच्यासाठी पुस्तक लिहिलंत ना?"

चौघे वाचतच आहेत. मला त्यांचा राग येतो, मग त्या 'यावा'चा, मग ज्याने तो लिहिला त्याचा.

"ज्याचं नाव माहीत आहे, त्याला सांगा," त्या म्हणतात.

मला एकच नाव माहीत आहे. मी गुडघ्यावर बसतो.

"कोपरं ताठ. कणीक तिंबताय का? जोरात. छाती परत वर येऊ द्या. मोजा."

मी मोजतो. माणूस माझ्याच पलंगावर आहे, खाली गादी धसते. सव्वीस. सत्तावीस. त्या रागातच आहेत, पण आता माझ्याबरोबर मोजतात. तीस म्हणताना काहीतरी कट्‌कन मोडतं.

जागा होतो तो पालथा, दोन्ही तळवे मुद्रितांवर. खाली चष्मा मोडलाय. उजव्या तळव्यात काडीचा लाल वळ उमटलाय.

चष्म्याशिवाय, मोठ्या अक्षरांत, पान एक्केचाळीसवर लिहिलं: 'एकाचं नाव घेऊन सांगा, तू छाती दाब. ऐकणारा कोणी नसेल तर तुम्ही दाबा.'

ते पान पाकिटात भरलं. वर नुसतं शेवंताबाईंच्या प्रशिक्षण केंद्राचं नाव घातलं असतं तर ते कुणीतरी उघडलं असतं. म्हणून फोन केला. फोन करायला मला नेहमी आठवडा लागतो. शेवंताबाईंच्या जागी आता कोण शिकवतं, एवढंच विचारलं. रमिला वळवी.

ते नाव लिहिलं, चौकापर्यंत चालत गेलो आणि पाकीट पेटीत टाकलं.