मानेखालचा तडा

आमचे हे काचेच्या कारखान्यात बाटल्या बघायचे. "बघायचे म्हणजे काय काम ते?" असं लोक विचारायचे आणि माझं डोकं फिरायचं. अहो, पट्ट्यावरून औषधाच्या बाटल्या सरकत येतात, मागे पांढरा दिवा असतो, आणि त्यातली खोट असलेली बाटली पापणी लवायच्या आत उचलून बाजूला टाकायची. बसून बघा एक तास! यांनी सव्वीस वर्षं केलं. कारखान्यात यांना दुर्बीण म्हणायचे. घरी पाणी दिलं तरी पेला आधी उजेडाकडे धरणार, मग पिणार. मला बघायला आले तेव्हा वडीलधारी समोर होती म्हणून, नाहीतर मलाही उजेडात धरून फिरवलं असतं.

गेल्या वर्षी कॅमेऱ्याचं यंत्र आलं. त्याला शिकवायला एक इंजिनिअर बाई आल्या, बोलायला गोड. बाटल्या बघणारे बाकीचे अकरा जण महिन्याभरात घरी गेले. हे तेवढे राहिले, कारण एक खोट यंत्राला काही केल्या दिसेना. बाटलीच्या मानेखाली केसाएवढा तडा असतो, मागच्या दिव्याच्या उजेडात तो कळतच नाही. हे बाटली तिरकी करून खालून उजेड घ्यायचे आणि तडा सापडायचा. साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, यंत्राला हा तडा दिसत नाही तोवर तुमची खुर्ची पक्की.

मी बजावलं, "हातचं राखून ठेवा. बाईंनी विचारलं तर म्हणा, अंदाजाने कळतं."

"बरं," म्हणाले. पाच महिने खरंच काही बोलले नाहीत. म्हटलं, चला, एकदाची अक्कल आली.

मग कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली, तिथे नुसतं यंत्रच. त्या पाळीला हे नसायचे. एका सकाळी यांनी आदल्या पाळीच्या भरलेल्या खोक्यातून सहज एक बाटली काढून तिरकी केली. तडा. नवव्या बाटलीला पुन्हा तडा. लहान मुलांच्या औषधाच्या बाटल्या त्या.

त्या दिवशी जेवले नाहीत. मी म्हटलं, "साहेबांना सांगा, त्या पाळीलाही माणूस ठेवा म्हणून."

"सांगितलं. म्हणाले, हजारात दोन-चार जायच्याच."

"मग तुम्ही कशाला जीव जाळताय?"

"पोराच्या पोटात काच जाईल गं."

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "आपल्या पोटात काय जाईल ते बघा आधी."

दुसऱ्या दिवशी यांनी बाईंना बोलावून दाखवलं. दिवा खाली घ्या, एवढा तिरका करा. बाईंनी हात जोडून आभार मानले म्हणे. पंधरा दिवसांत यंत्र तो तडा बिनचूक पकडायला लागलं आणि सोळाव्या दिवशी यांच्या हातात पत्र पडलं. आठ दिवस मी ताट आपटून वाढलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला, आणि वर माझ्याकडे बघतात कसे, तर शाळेत मार खाल्ल्यासारखे.

परवा नदीपलीकडच्या काच कारखान्यात माणसं घेताहेत असं कळलं. सदऱ्याला इस्त्री करून पाठवलं. दुपारीच परत आले.

"भेटलं का कोणी?"

"भेटला एक सुपरवायझर. चांगला माणूस. माल उचलायला माणसं हवीत म्हणाला, पण तिशीच्या आतली. मग यंत्र दाखवलं त्याने."

"तेच?"

"तेच. दिवा खाली, तिरका. हे कुणी सुचवलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, कुणास ठाऊक, आता सगळीकडे असंच बसवून येतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तासभर त्या पट्ट्यापाशी उभा होतो," हे म्हणाले. "म्हटलं, एखादी तरी सुटेल, मग त्याला दाखवीन. एकही सुटली नाही गं. एकही नाही."

एक तरी सुटायला हवी होती, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू, ती कुणाच्या पोराच्या हातात पडली असती, हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.