हळू पायाला कळलेला ब्रेक

मी गाडी सावकाश चालवते. किती सावकाश, तर अर्धापूरहून कच्च्या केळीचा ट्रक माझ्या मागे लागला तर नांदेड येईस्तोवर केळी पिकतात आणि ड्रायव्हर त्यातली चार खाऊन घेतो. बैलगाडीवाले मला हॉर्न देतात. ज्यांच्याकडे हॉर्न नाही ते बैलाला हंबरायला लावतात. ही बदनामी माझ्या धाकट्या दिरानं पसरवली आहे आणि मीही ती हौसेनं पुढे सांगते. कारण याच सावकाश पायानं आमचं अख्खं घर वाचवलं. कुणी मानो, न मानो. न मानणाऱ्यांसाठीच लिहून राहिले.

गाडी घरची, जुनी घेतलेली. चालवणारे तिघं: आमचे हे, भाऊजी आणि मी. एकदा एकटी लोह्याला निघाले होते. उतार होता आणि खाली म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. मी नेहमीसारखा ब्रेकवर हळूच पाय ठेवला आणि धरूनच ठेवला. तर पायडल सायीत बोट जावं तसं खाली खाली निघालं! गाडी काही थांबेना. घाबरून पाय उचलून दोनदा धाडधाड मारला, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. शेवटच्या म्हशीच्या इतक्या जवळ थांबले की तिनं शेपटीनं माझी पुढची काच पुसून दिली. म्हैस शहाणी. मागं वळून बघितलं, पण "बाई चालवतेय वाटतं" असं म्हणाली नाही.

ते वाक्य मला घरी आल्यावर ऐकायला मिळालं. भाऊजींनी लगेच गल्लीत चक्कर मारली. त्यांचा ब्रेक म्हणजे उखळात मुसळ. पाय पडला की शेजारच्यांची भांडी वाजतात. गाडी जागच्या जागी थांबली. उतरून म्हणाले, "लोखंडावानी कडक हाय ब्रेक, वैनी. तुमचा पायच पोकळ हाय."

मिस्त्रीकडे नेली. त्यानंही तसाच मुसळासारखा पाय मारला, एकदा, दोनदा, दहादा. दुखणं काही दिसेना. माझी मुलगी डॉक्टर बघितला की खोकायची थांबते, तसं गाडीचं झालं. मिस्त्री खाली वाकला, चारही चाकं बघितली. तेलाचा एक थेंब कुठं नाही. "ताई, जरा जोर लावत जा," म्हणाला. भाऊजींनी हे वाक्य महिनाभर रोज जेवताना माझ्या ताटात वाढलं.

मग लाल दिवा सुरू झाला. स्टिअरिंगच्या मागे, गोलात उद्गारचिन्ह. सरळ रस्त्यावर विझलेला, वळण आलं की पेटायचा, वळण सरलं की गप. भाऊजी म्हणाले, "हँडब्रेकचा हाय तो." हँडब्रेक तर पूर्ण खाली होता. मी बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची डबी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली. आता अर्धी घागर कमरेवर घेऊन जिनं वळण घेतलंय तिला हे शिकवायला लागत नाही: पाणी एका बाजूला जातं, दुसरी बाजू उघडी पडते. तेल कमी झालं होतं म्हणून वळणावर दिवा पेटत होता. मी तेल भरलं. पंधरवड्यात पुन्हा उतरलं.

"थेंब खाली न्हाई, मग तेल पिलं कोण?" भाऊजी म्हणाले. "तुमी?"

आणि एका सकाळी गाडीत बसले तर दिवा गायब! नीट बघितलं तर उद्गारचिन्हावर टिकली चिकटवलेली. माझ्याच पाकिटातली, मोठी, काळी. मी काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. आठवडाभर मी काढून राहिले, भाऊजी लावून राहिले. गाडीचा झाला एवढा शृंगार माझ्या लग्नात माझा झाला नव्हता.

अशात नणंदेचा साखरपुडा ठरला, चाकूरला. सकाळी गाडीला झेंडूची माळ, डिकीत साड्यांची ताटं, पेढ्यांचे डबे. आत बसणार सासूबाई, नणंद, आम्ही दोघं, मांडीवर लेकरं आणि चालवणार भाऊजी. मी टिकली उचकटली. खाली दिवा लालबुंद. गाडी सुरू, पण जागेवर उभी; हँडब्रेक खाली, वळण नाही, काही नाही, तरी पेटलेला.

मी किल्ली काढली आणि ब्लाऊजमध्ये टाकली.

"गाडी जाणार न्हाई," मी म्हणाले. "ज्याला किल्ली पाहिजे त्यानं पुढं येऊन काढावी."

भाऊजी आभाळाकडे बघायला लागले. हे मोबाइलमध्ये गेले ते बाहेरच येईनात. शालूतली नणंद हसू दाबता दाबता लाल झाली.

"पाव्हणे वाट बघायलेत! तुमच्या हट्टापायी पोरीचं लग्न मोडायचं का?" भाऊजी ओरडले. "चालवणार मी हाय ना?"

"तुमी चालवा न्हाईतर विमानाचा पायलट आणा. लोह्याच्या उतारावर ट्रकच्या मागं पाय धरूनच ठेवावा लागतो. धरला की बसलं पायडल. मग पाव्हण्यांनी काय, दवाखान्यात यायचं का सुपारी घेऊन?"

"अगं, पण मिस्त्री..." सासूबाई म्हणाल्या.

"अत्याबाई, तुमी बसा ड्रायव्हरच्या जागेवर."

त्या आयुष्यात तिथं बसल्या नव्हत्या. पण मानाची जागा म्हटल्यावर पदर खोचून बसल्या. मी पाठमोरी होऊन किल्ली काढली, हँडब्रेक ओढला, खिडकीतून हात घालून गाडी सुरू केली. "आता मधल्या पायडलवर पाय ठेवा. जोर नका लावू. उचलू पण नका. मी उखाणा घेते, तो संपेस्तोवर."

"माझा गुडघा दुखतो बाई, होईल तेवढंच दाबते," म्हणाल्या. मला तेवढाच पाय पाहिजे होता. जोडव्यांचा, अनवाणी, हळू. मी सुरू केलं:

"अर्धापूरची केळी अन् लोह्याचा बाजार,
दीर म्हणे गाडीला न्हाई, वैनीलाच आजार;
झेंडूची माळ घालून धरली चाकूरची वाट..."

"अगं बया! खाली चाललं की गं!" सासूबाई किंचाळल्या. टक्. पायडल तळाला टेकलं होतं. आमच्या ह्यांचं नाव ओठावरच राहिलं.

भाऊजींनी घाईघाईनं वाकून हातानं पायडल दाबलं, धाडकन. कडक! "बघा, कडक हाय!"

"तुझ्यासारखं न्हाई रं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासारखं दाब." त्यांनी स्वतः लेकाचा हात धरून हळूहळू दाबायला लावला. भाऊजींचा हात खाली चालला आणि चेहराही.

तोवर चाकूरहून फोन आला. भाऊजींनी तो माझ्याकडे धरला. मी ठणकावून सांगितलं, "उशीर होईल. गाडीचा ब्रेक गेलाय, आमी एसटीनं येऊन राहिलो. पोरगी धड पाहिजे ना तुम्हाला?" तिकडून नवरदेवाची आई म्हणाली, "सावकाश या." सावकाश! त्या बाईशी माझं तिथंच जमलं.

लातूरच्या एसटीत शालू, ताटं, पेढे घेऊन आम्ही चढलो. सासूबाई चढल्या त्या थेट ड्रायव्हरपाशी थांबल्या. "बाबा, ब्रेक हळू दाबून बघितलास का? धाडकन न्हाई, हळू."

"आजी, बसा. बघितलाय."

"माझ्यासमोर बघ."

मागच्या सीटवरून कुणीतरी शिटी मारली. ड्रायव्हरनं मुकाट्यानं पाय ठेवला आणि धरला. सासूबाईंनी वाकून खात्री केली, मगच बसल्या. लोह्याच्या उतारावर गाडी एका उसाच्या ट्रॅक्टरमागे सावकाश उतरली. नणंदेनं माझा हात घट्ट धरला होता. साखरपुडा झाला, उशिराच झाला आणि फर्मास झाला.

नंतर मिस्त्रीनं ब्रेकचा मुख्य सिलिंडर खोलला. आतलं रबर झिजलेलं. दणका बसला की धरायचं, हळू दाबलं की तेल मागं सोडायचं. सिलिंडरच्या मागं ब्रेकला जोर देणारं एक मोठं बंद डबडं असतं, सुटलेलं तेल त्यात साठलेलं. म्हणून जमिनीवर थेंब नव्हता. मी सांगेन वाटीभर होतं, मिस्त्री म्हणेल दोन चमचे. माझं खरं धरा.

भाऊजी अजून म्हणतात, "कधीतरी आपोआप कळलंच असतं." कळलं असतं हो, म्हशीला. दिवा आता उघडा आहे. टिकल्यांचं पाकीट मी कपाटात कुलपात ठेवलंय. आणि गाडीची किल्ली? ती जिथं होती तिथंच असते. पाहिजे त्यानं मागून घ्यावी.