पुंडलिकसरांचा सूड

पुंडलिक गंगापूरकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं शहरातल्या कॉलेजात यायचा. बी.ए.च्या पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला तो एकदाच उभा राहिला. बद्रीनाथसर पिवळ्या पडलेल्या वहीतून लिहून देत होते : भाव वाढला की मागणी घटते.

"सर, आमच्याकडं कापसाचा भाव चढाय लागला की व्यापारी लई माल उचलत्यात. मग ह्ये कसं?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "लई? उचलत्यात? आधी मराठी शीक रे, कापूस!"

वर्ग खदाखदा हसला. पुढं तीन वर्षं सगळे त्याला कापूसच म्हणत.

अठरा वर्षांनी तो त्याच विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाला. बद्रीनाथसर आता विभागप्रमुख होते, वही तीच होती, आणि पुंडलिकला त्यांनी ओळखलंसुद्धा नाही. हे त्याला जास्त झोंबलं.

पहिल्याच तासाला त्यानं मुलांना वह्या मिटायला लावल्या. चौघाचौघांचे गट करून त्यांना मुकुंदवाडीच्या भाजीबाजारात पाठवलं. परत आल्यावर भाव का चढले, का पडले, यावर भांडायला लावलं. जो गप्प राही त्याच्या बाकापाशी जाऊन तो म्हणे, "येईल तशा भाषेत बोल. पण समजल्याबिगर खाली बसू नको. माझ्याच नाय, कुणाच्याबी तासाला."

शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. पुढचा तास बद्रीनाथसरांचा असे.

दिवाळीनंतर एके दिवशी त्या तासाला श्रेया उठली. पुंडलिक बाहेर व्हरांड्यात कान देऊन उभा होता.

"सर, भाव अजून वाढेल असं वाटलं तर लोक आत्ताच जास्त घेतात. हे नियमात कुठं बसतं?"

"लिहून घे आधी."

"समजलंच नाय तर लिहू काय, सर?" मागून उजमा म्हणाली.

एकामागून एक हात वर झाले. सरांनी वहीची पानं पुढं-मागं उलटली, कपाळ पुसलं आणि तास अर्ध्यावर टाकून बाहेर आले. समोर पुंडलिक.

"हे तुम्ही पढवलंय यांना!"

"व्हय सर. मीच. कापूस."

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग चेहरा उतरला. ओळख पटली होती.

त्यानंतर रोज तेच. मार्चपर्यंत सरांनी तो वर्ग सोडला आणि उन्हाळ्यात मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभात पुंडलिक पहिल्या रांगेत बसला आणि नंतर पोटभर जेवला.

"सर, बद्रीनाथसर भाषणात रडले हो," श्रेया हळूच म्हणाली.

"रडू दे."

एक दिवस आपल्याला वाईट वाटेल, असं पुंडलिकला कधीपासून वाटत होतं. ताट धुवायला ठेवताना त्यानं मनात चाचपून पाहिलं. तसलं काहीच नव्हतं.