पाहुण्यांचा खड्डा आणि गणिताचा पेपर

शाळा सुटलेल्या मुलामुलींनी सकाळी माळावर चर खणायचे, झाडे लावायची, दुपारी वायरिंग शिकायचे आणि संध्याकाळी दहावीचा अभ्यास करायचा, असा एका संस्थेचा उपक्रम जळकोटच्या अलीकडे चालत असे. उपक्रम चांगला होता. चर खरेच खणलेले होते, आणि पाऊस पडला की त्यांत पाणी थांबत होते. अडचण एवढीच, की तो दाखवण्यासारखा होता. त्यामुळे पाहुणे येत.

पाहुणे आले की श्रमदान करतात. त्या माळावर वीतभर खाली मुरूम लागतो आणि मुरूम हुद्दा बघत नाही. म्हणून आदल्या दिवशी मुले एक खड्डा खणत, मुरूम लांब नेऊन टाकत आणि गावातून आणलेली काळी माती त्यात पुन्हा भरत. याला सगळे 'पाहुण्यांचा खड्डा' म्हणत. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची कुदळ दांड्यापर्यंत आत जाई. "जमीन कसदार आहे," असे एक पाहुणे मला, म्हणजे वार्ताहराला, मुद्दाम म्हणाले होते. मी ते छापले.

त्या जुलैत पाहुण्यांची तारीख ठरली, ती नेमकी फेरपरीक्षेतल्या गणिताच्या दोन पेपरांपैकी पहिल्याची. उपक्रमातली एकच मुलगी त्या पेपराला बसणार होती. बाकी सगळे विषय सुटले होते. गणित सुटले, तर उदगीरला आयटीआयत इलेक्ट्रिशियनला अर्ज करता येणार होता, आणि तेवढ्यासाठी वडिलांनी स्थळे बघायचे थांबवले होते. फक्त यंदापुरते.

मी पोचलो तेव्हा समन्वयकांनी तिला फेटा बांधून स्वागताला उभे केले होते. मागच्या फ्लेक्सवर तिचाच फोटो होता. खाली लिहिले होते: 'शाळा सुटली होती, आज दहावी उत्तीर्ण!'

"सर, मी जाऊ का? साडेदहाला गेट बंद करतेत."

"बेटा, पाहुणे दहाला येतायत. मनोगत तूच बोलणार आहेस. पेपर काय, मार्चमध्ये पुन्हा येतो."

"पाहुणे बी मार्चमधी येतेतच की."

खुर्च्या मांडणारी पोरे हसली. त्यातला एक ओरडला, "अगं, जातीस कशाला? फ्लेक्सवर पास हायस ना!"

"फ्लेक्स दाखवून आयटीआयला घेतेत का, ते इचारून ये तू," ती म्हणाली. मग समन्वयकांकडे वळून, "सर, फ्लेक्सवरचं बोर्डाला तेवढं कळवा. मला कष्ट पडायचे न्हाईत."

समन्वयक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "तू गेलीस तर मी दाखवू कुणाला?" आणि हा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला.

तिने फेटा उतरवून शेजारच्या मुलीच्या डोक्यावर ठेवला. "घे गं, आज तू पास."

एसटी निघून गेली होती. माझी मोटारसायकल होती. वाटेत ती पाढा म्हणत होती की काय, कळले नाही. वारा फार होता. गेटवरचा शिपाई साखळी हातात घेऊन उभाच होता. "पळ, मावशे," म्हणाला. ती पळाली.

मी समोरच्या हॉटेलात बसलो आणि निमंत्रणपत्रिकेवरून कार्यक्रमाची बातमी लिहून टाकली. मान्यवरांनी श्रमदान केले, पर्यावरणाचे महत्त्व सांगितले, उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या. अशी बातमी कार्यक्रमाआधी लिहिली तरी चुकत नाही.

एक वाजता पेपर सुटला.

"कसा गेला?"

"सोडवला सगळा. खरं किती, ते बोर्ड सांगंल."

तेवढ्यात माझा फोन वाजला. समन्वयक होते. पाहुणे अजून आलेच नव्हते. वाटेत एका दुकानाचे उद्घाटन लागले होते. आता निघाले आहेत, अर्ध्या तासात पोचतील. "तिला घेऊन या हो लगेच. बरं झालं, पेपर पण झाला आणि कार्यक्रमही मिळाला."

मी तिला सांगितले. तिने पॅड काखेत धरून ऐकून घेतले.

"त्यांना म्हणावं, परवा भूमिती हाय," ती म्हणाली आणि घराकडच्या एसटीची वाट बघायला स्टँडकडे चालू लागली.