मामांनी पुन्हा पत्रे काढले

सरकारनं रेल्वेची घोषणा केली, की माझे मामा स्वतःच्याच शेळ्यांना बेघर करायचे.

मामांना जाऊन आज वर्ष झालं, आज त्यांचं पहिलं पुण्यानुमोदन. खरं तर रडायला यायला हवं. पण सकाळपासून हसूच येतंय.

कळंबजवळ आमचं आजोळ. घरामागून पूर्वी छोटी रेल्वे जायची, नॅरोगेज. ती बंद पडली, रूळ उचलून नेले, मातीचा भराव तेवढा राहिला.

त्या भरावावर मामांनी शेळ्यांसाठी पत्र्याचं शेड ठोकलं. जागा रेल्वेची, शेळ्या मामांच्या. कुणाचीच तक्रार नव्हती.

पण पेपरात "बंद रेल्वेमार्ग पुन्हा सुरू होणार" असं छापून आलं, की मामा पाना घेऊन शेडवर चढायचे.

"मामा, अजून फक्त सर्व्हे मंजूर झालाय."

"मग? पाव्हणा दारात आल्यावर खाट झाडायची असती का?"

शेळ्या थेट स्वयंपाकघरात. मामी लाटणं घेऊन उभ्या.

"रेल्वे यायची तवा यील. हिनं माझ्या पिठात आत्ताच तोंड घातलंय."

काही महिन्यांत सगळं थंड व्हायचं. मामा गुपचूप पत्रे परत ठोकायचे. पुढच्या घोषणेला परत काढायचे.

पत्रे निघालेले दिसले, की गावातले लोक विचारायचे, "काय मामा, निवडणूक लागली वाटतं?"

मामाही हसायचे. पण पाना काही खाली ठेवायचे नाहीत.

एकदा मी वैतागून विचारलं, एवढी कसली घाई आहे तुम्हाला?

"तुझ्या मामीला नवरी करून ह्याच गाडीतनं आणली. खिडकीत बसून लई खूश होती. एकदा तिला गाडीनंच माहेरी न्यायचंय. येष्टीत मळमळतं तिला."

बस्स, एवढंच.

मामा गेले तेव्हा शेड उभं होतं, म्हणजे रेल्वेची काहीच बातमी नव्हती. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

परवा पुन्हा बातमी आली. या वेळी निधीसुद्धा मिळणार म्हणे. मी मामींना काही बोलले नाही. आजच्या दिवशी नको तो विषय.

आज पत्र्यांच्या खडखडाटानं जाग आली. मागं जाऊन बघते तर माझा भाऊ शेडवर, आणि खाली पदर खोचून, मामांचा पाना हातात घेऊन मामी.

"मामी, अजून नुसती घोषणाच आहे."

"ठावं हाय. म्या काय पेपर वाचत न्हाय व्हय?"

"मग?"

"गाडी आली अन् वाटंत आपलंच शेड आडवं आलं, तर ह्यांना काय वाटंल?"

आता बुद्धवंदना सुरू होईल. बैठकीत पाहुणे आहेत, स्वयंपाकघरात शेळ्या. एकीनं जेवणाची सगळी कोथिंबीर फस्त केली. मामी तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

मामा, वाट मोकळी केली आहे.

गाडी आली की मामींना माहेरी मी नेते. खिडकीपाशी बसवून.

जय भीम, मामा. तुमची फार आठवण येते.